माल मुंबईला जातो, तशी मालकीणही जाऊ दे

(मुंबईच्या प्रदर्शनाला जाऊ इच्छिणाऱ्या गटांसाठी संघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या भगिनी त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज कर्जाच्या वह्या थोडा वेळ मिटून ठेवू. आजचा विषय प्रवासाचा आहे.

मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे सगळे ज्याला बीकेसी म्हणतात तिथे, एमएमआरडीएच्या मैदानावर ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं. २०२५ मध्ये ते फेब्रुवारीत भरलं होतं. राज्यभरातले गट तिथे माल घेऊन येतात. आपल्याकडून काय जाऊ शकतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. बिबडे, ज्वारीचे पापड, कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स. जेवणाच्या स्टॉलवर खापरावरचे मांडे, भरीत, शेवभाजी. हे मुंबईच्या माणसाला घरी करता येत नाही, म्हणून तो रांग लावतो.

पण नाव द्यायची वेळ आली की काय होतं? “ताई, माल आम्ही देतो, पण सोबत आमच्या पोराला पाठवलं तर चालेल का?” “आमच्याकडून घरचेच जातील.” कारण विचारलं, तर ‘मला विकता येत नाही’ असं एकही बाई म्हणत नाही. आठवडे बाजारात भाव करणाऱ्या बायका आपण, असं म्हणणार तरी कशा? कारणं वेगळीच निघतात. गर्दीत हरवले तर? लोकल सुटली तर? रात्री उतरले तर? म्हणजे अडचण धंद्याची नाही, रस्त्याची आहे. आणि रस्ता शिकता येतो.

तो तुम्हीच का शिकायचा? कारण स्टॉलवर जो उभा राहतो, तोच शिकतो. गिऱ्हाईक म्हणतं, अर्धा किलोचं नको, पाव किलोचं पाकीट करा. कोणी म्हणतं, तिखट थोडं कमी चालेल. एखादा दुकानदार फोन नंबर देऊन जातो. तुम्ही घरी असलात तर ते सगळं दुसऱ्याच्या डोक्यात आणि दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये राहतं. पुढची ऑर्डर त्याला येते आणि तुम्ही फक्त लाटणाऱ्या राहता. घरचे लोक मदतीला आले तर आनंदच आहे. खोकी उचलू देत, चहा आणू देत. पण गल्ल्यावर तुम्ही बसायचं.

आता कामाचं बोलू. लिहिता येतं त्यांनी लिहून घ्या, बाकीच्यांनी शेजारणीकडून लिहून घ्या.

तिकीट. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. तारीख कळली की त्याच आठवड्यात तिकीट काढा. एका तिकिटावर सहा जणींची नावं बसतात. स्लीपरला बायकांसाठी वेगळा कोटा असतो, तिकीट काढताना ‘लेडीज कोटा’ आहे का ते विचारा. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट शेवटपर्यंत कन्फर्म झालं नाही तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते दाखवून डब्यात चढू नका. आपल्या सासूबाईंच्या वयाच्या ज्या सदस्य आहेत, त्यांनी ध्यानात ठेवा: रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांच्या पुढे प्रवास मोफत आहे. धुळ्याच्या ताईंना मालेगाव, नाशिकवरून एसटीने जाणं त्यामुळे स्वस्त पडतं. ही सवलत मुंबईच्या बेस्ट बसमध्ये नाही. तिथे अर्धं तिकीट मागून कंडक्टरशी वाद घालू नका.

माल. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो आणि साध्या बसायच्या डब्यात ३५ किलो सामान मोफत नेता येतं. त्याच्या वर असेल तर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात वजन करून पावती घ्या. प्रत्येक खोक्यावर गटाचं नाव, गाव, एक मोबाईल नंबर आणि ‘५ पैकी १’, ‘५ पैकी २’ असं मोठ्या अक्षरात लिहा. उतरताना मोजायला सोपं जातं. पापड-बिबड्यांची खोकी वर ठेवा, पिठाची खाली. हमाल लागला तर लाल डगला आणि दंडावर बिल्ला बघा, आणि खोकं उचलण्याआधी पैसे ठरवा.

कुठे उतरायचं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘मुंबईला उतरायचं’ असं म्हणून भागत नाही, कारण मुंबईत गाडी थांबायच्या जागा अनेक आहेत. भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडून जाणारी गाडी मनमाड, नाशिक, कल्याणवरून मध्य रेल्वेने जाते. ती कुठे संपते ते तिकिटावर बघा. काही गाड्या सीएसएमटीला जातात, काही लोकमान्य टिळक टर्मिनसला. या दुसऱ्या स्टेशनला लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात. सोबत खोकी असतील तर बीकेसीसाठी तेच सोयीचं, कारण तिथून थेट रिक्षा मिळते. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार या बाजूने सुरतवरून जाणारी गाडी पश्चिम रेल्वेने मुंबईत शिरते आणि दादरला किंवा वांद्रे टर्मिनसला थांबते. वांद्रे टर्मिनस आणि लोकलचं वांद्रे स्टेशन या दोन वेगळ्या जागा आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

खासगी ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यांनी बसताना विचारायचं: नेमकं कुठल्या चौकात उतरवणार आणि किती वाजता? ‘सायनला सोडतो’ म्हणून पहाटे चारला उड्डाणपुलाखाली उतरवलं, तर अंधारात खोक्यांसह उभं राहावं लागतं. उजाडल्यावर पोचेल अशीच गाडी निवडा. रेल्वेने रात्री पोचलात तर बाहेर पडू नका. बायकांच्या प्रतीक्षालयात बसा आणि उजाडल्यावर निघा. मध्यरात्रीनंतर साधारण एक ते चार लोकल बंदच असतात.

आणि एक. मुंबईच्या प्रत्येक स्टेशनला दोन बाजू असतात, पूर्व आणि पश्चिम. चुकीच्या बाजूला उतरलं की पूल चढून परत यावं लागतं. बीकेसीला जायला वांद्र्याला ‘पूर्व’ बाजूला बाहेर पडायचं आणि कुर्ल्याला ‘पश्चिम’ बाजूला. दोन्हीकडून बस मिळते, शेअर रिक्षाही मिळते. हे वाक्य आत्ता एकदा माझ्यासोबत म्हणा: वांद्रे पूर्व, कुर्ला पश्चिम.

लोकल. लोकलचं नाव काढलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण मुंबईत रोज पहाटे टोपली घेऊन कोळीण लोकलच्या मालडब्यात चढते, ती आपल्यासारखीच कष्टाची बाई आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली फक्त बायकांची लोकल सुरू झाली, जगातली तशी पहिली. कामावर जाणाऱ्या बायका वाढल्या, म्हणून रेल्वेला ती सोडावी लागली. बायका घरी बसून राहिल्या असत्या, तर ती कोणी सोडली नसती.

लोकलचे पाच नियम सांगते.

पहिला: प्लॅटफॉर्मवरच्या पाटीवर गाडी कुठे संपते, किती वाजता येते, डबे १२ की १५ आणि ती जलद की धीमी, एवढं येतं. जलद ठराविक स्टेशनांवर थांबते, धीमी सगळीकडे. शंका असेल तर धीमी पकडा. दहा-पंधरा मिनिटं जास्त गेली तरी स्टेशन चुकत नाही.

दुसरा: बायकांचे डबे ठरलेले असतात, बाहेर बाईचं चित्र असतं. गाडी यायच्या आधी तिथल्या बायकांना विचारा, “लेडीज डबा कुठे येतो?” काही डबे दिवसभर बायकांचे, काही ठराविक वेळेपुरते. सोबत १२ वर्षांच्या आतला मुलगा चालतो, नवरा किंवा भाऊ नाही. तिकिटावर प्रथम श्रेणी लिहिलेली नसेल तर त्या डब्यात शिरू नका. विनातिकीट किंवा चुकीच्या वर्गात सापडलं तर कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं.

तिसरा: सकाळी साधारण आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटच्या दिशेने, आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट्या दिशेने, गाड्या भरून वाहतात. त्या वेळी खोकी घेऊन लोकलमध्ये चढायचंच नाही. गर्दी दिसली तर एक गाडी सोडा, दोन सोडा. मुंबईत पाच मिनिटांनी दुसरी येते. आपल्याकडे एक एसटी चुकली की दिवस जातो, म्हणून आपल्याला धावत जाऊन पकडायची सवय आहे. तिथे ती सवय जीवावर बेतते. चालत्या गाडीत चढू नका, रूळ ओलांडू नका, दारात उभ्या राहू नका. पदर, ओढणी खोचून घ्या.

चौथा: उतरायच्या दोन स्टेशन आधी दाराकडे सरका. पुढच्या बाईला विचारा, “कुर्ला उतरणार का?” ती हो म्हणाली तर तिच्या मागे राहा. नाही म्हणाली तर जागा बदलून घ्या. एकमेकींचा हात धरून उतरू नका, एक अडकली की दोघी पडतात. कोणी मागे राहिलीच, तर तिने पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं आणि फोन करायचा. बाकीच्यांनी जागा सोडायची नाही.

पाचवा: रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी असतात. परतीची लांबची गाडी रविवारी असेल तर दोन तास जास्त हातात ठेवा.

दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे एकत्र येतात. प्लॅटफॉर्म १ ते ७ पश्चिमचे, ८ ते १४ मध्यचे. दादरहून कुर्ल्याला जायचं तर ८ च्या पुढे, वांद्र्याला जायचं तर ७ च्या आत. नेमका कुठला, ते पाटीवर बघा.

रिक्षा-टॅक्सी. आपल्याकडे रिक्षा सीटवर चालते, तिथे मीटरवर. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये आहेत, मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्याच्या सव्वापट. “मीटरने चला” एवढंच म्हणायचं. नाही म्हणाला तर दुसरा. वांद्रे आणि सायनच्या पलीकडे दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही, म्हणून दादरला, सीएसएमटीला रिक्षा शोधत फिरू नका. तिथे बस, टॅक्सी नाहीतर लोकल. बसल्यावर गाडीच्या नंबरचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाका. तो फोटो चालकाच्या समोरच काढा.

पाणी आणि लघवी. हे मी मुद्दाम माइकवर बोलते. प्रवासात जावं लागू नये म्हणून आपण पाणी पीत नाही. दोन दिवसांनी जळजळ, ताप. मग स्टॉल कोण सांभाळणार? पाणी प्या. लांबच्या गाडीतून उतरण्याआधी जाऊन या. मैदानावर पोचल्यावर पहिल्या तासात स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून पैसे, असा प्रकार चालायचा. त्यावर २०११ पासून तिथल्या महिलांनी ‘राइट टू पी’ नावाने चळवळ चालवली. म्हणजे हा लाजेचा विषय नाही, हक्काचा आहे. तरी सुट्टे पैसे जवळ ठेवा. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड बॅगेत हवंच.

पैसे. रोख रक्कम तीन ठिकाणी ठेवा: थोडी हातातल्या पर्समध्ये, थोडी आतल्या खिशात, थोडी दुसऱ्या सदस्याकडे. मंगळसूत्र, पोत घरी ठेवा, साधे मणी घालून या. स्टॉलवर क्यूआर कोड गटाच्या खात्याचा लावा, कोणा एकीच्या मुलाच्या खात्याचा नको. सकाळी दुकान लावताना स्वतः एक रुपया पाठवून बघा, नाव गटाचंच येतं का. कोणी वरून दुसरा कोड चिकटवून जाऊ शकतं. गिऱ्हाइकाने मोबाईल दाखवून “गेले पैसे” म्हटलं तरी आपल्या फोनवर मेसेज आल्याशिवाय पाकीट हातात देऊ नका. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे तो पैसे काढतोय. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन. रोज रात्री तिथेच हिशोब लिहा आणि दोघींनी सही करा.

चिठ्ठी. मोबाईल बंद पडतो, चिठ्ठी बंद पडत नाही. प्रत्येकीच्या ब्लाउजमध्ये किंवा कमरेच्या पिशवीत एक चिठ्ठी हवी. त्यात राहण्याच्या जागेचा पूर्ण पत्ता, स्टॉल नंबर, सोबतच्या दोघींचे नंबर, घरचा एक नंबर. राहण्याची सोय कुठे आहे, हे निघण्याआधी लेखी मागून घ्या. ‘तिथे गेल्यावर सांगतो’ हे उत्तर घेऊन गाडीत बसायचं नाही. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हे नंबर: रेल्वेत अडचण १३९, रेल्वे पोलीस १५१२, पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, आणि मुंबई पोलिसांची महिलांसाठीची १०३. आधार कार्ड मूळ आणि दोन झेरॉक्स, दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत.

मघाशी काही जणींनी प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं देते.

एका ताईंनी विचारलं, आमची भाषा ऐकून हसतील का? “कथाइन उनात?” असं आपण आपसात बोलतो, ते तिथेही बोला. कल्याण-डोंबिवलीकडे खान्देशातली कितीतरी कुटुंबं राहतात. स्टॉलवर अहिराणी कानावर पडली की तो माणूस पाय थांबवतो, आणि पाकीट घेऊनच जातो. गिऱ्हाइकाशी मराठीत बोला, त्याला नाही कळलं तर मोडक्या हिंदीत बोला. भाव तर बोटांवरही सांगता येतो.

दुसऱ्या ताई म्हणाल्या, एवढं लांब गेलो तर मुंबई बघायला मिळेल का? मिळायलाच हवी. स्टॉलवर पाळी लावा, दोघी इथे, दोघी मोकळ्या. बीकेसीला भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. त्याच मेट्रोवर सिद्धिविनायक, महालक्ष्मी, सीएसएमटी ही स्टेशनं आहेत. गाडी बदलावी लागत नाही. महालक्ष्मीच्या नावाचं प्रदर्शन करून महालक्ष्मीचं दर्शन न घेता परत येऊ नका. फक्त अंधार पडायच्या आत माघारी या आणि निघताना दोघींनीच जा, एकटीने नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड होता. एक मावशी म्हणाल्या, “तू सांगते ते सगळं खरं, पण घरातून सोडत नाहीत.” मावशी, ‘जाऊ का?’ असा प्रश्न घरी नेला की त्याचं उत्तर ‘नको’ असं येणं सोपं असतं. त्याऐवजी कागद न्या. कोणती गाडी, कोण सोबत, कुठे राहणार, कोणाचा फोन, परत कधी, घरात त्या दिवसांत स्वयंपाक कोण बघणार. घरच्यांची अर्धी भीती माहिती नसल्याची असते, ती कागदाने जाते. उरलेली अर्धी तुम्ही परत आल्यावर जाते. आणि तरीही अडलं, तर ग्रामसंघाच्या दोघी-तिघी तुमच्या घरी चहाला येतील. गट फक्त हप्ता वसूल करायला नसतो.

आता शेवटचं काम. ज्यांनी प्रदर्शनाला नाव दिलं आहे, त्यांनी पुढच्या सभेआधी एक सराव करायचा. जळगाव बाजूच्या ताईंनी जळगाव ते भुसावळ, धुळे बाजूच्या ताईंनी धुळे ते चाळीसगाव, रेल्वेने जाऊन यायचं. तिघी-तिघींनी. घरातला पुरुष सोबत नाही. तिकीट खिडकीवर स्वतः बोलायचं, गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येते ते पाटीवर स्वतः बघायचं, वाचता येत नसेल तर अनोळखी बाईला विचारायचं. परत आल्यावर तिकीट फेकू नका, सभेत घेऊन या. त्या दिवशी आपण हजेरी सहीने नाही, तिकिटाने घेऊ.